‘स्वीट रेस्ट’चे तीनशे पंखे

पेंगेली सरांच्या दुकानात सगळं होतं, फक्त ते दुकान आहे हे कुणाला कळत नव्हतं. यात सरांची काही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात बरीचशी होती. पण एवढी मात्र कायद्याची होती. आमच्याकडे औषधी गांजाचं दुकान काढायला परवाना मिळतो, माल ठेवायला मिळतो, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला माल विकायलाही मिळतो. मात्र ‘इथे दुकान आहे, या’ एवढं म्हणायचं तर परवाना मंडळाची वेगळी लेखी संमती लागते, आणि ती मागणारा माणूस मंडळाला मुळातच संशयास्पद वाटतो.

सरांकडे नियमांचं एक निळं पुस्तक होतं. पानाचं चित्र नको. धुराचं चित्र नको. हसणारा रोगी नको. ‘बरं वाटेल’ असं म्हणायचं नाही, ‘बरं वाटण्याचा संभव आहे’ असंही नाही. मुलांच्या नजरेला पडेल असं काही कुठेही लावायचं नाही. दुकानाची काच काळी हवी, आतला माल रस्त्यावरून दिसता कामा नये. सरांनी हे पुस्तक पेन्सिलीने खुणा करत तीनदा वाचलं आणि, आता लपवण्यात काय अर्थ आहे, ते त्यांना मनापासून आवडलं. कारण आपलं दुकान कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये अशी आमच्या मे पेन गावात एकाच माणसाची मंडळाहून जास्त इच्छा होती, आणि तो माणूस म्हणजे ऑब्रे पेंगेली, निवृत्त उपमुख्याध्यापक.

तीस वर्षं या माणसाने पोरांची दप्तरं उपसली होती, बोटांचे वास घेतले होते. दर सोमवारी प्रार्थनेनंतर गांजा माणसाचं काय करतो यावर वीस मिनिटं बोलायचे. ते भाषण गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाला अजून पाठ आहे. आणि निवृत्तीनंतर शेजारच्या फेसीच्या नादी लागून हाच माणूस गांजाचा परवानाधारक झाला. फेसी पूर्वी कोर्टात कारकून होता, त्यामुळे त्याला कायदा येतो असं तो समजायचा आणि आम्हीही समजायचो. “सर, आता ते औषध आहे,” तो म्हणाला होता. “सरकार म्हणतंय औषध, तुम्ही कोण नाही म्हणणारे?” सरकारला नाही म्हणण्याची सरांना सवय नव्हती.

चर्चमध्ये मात्र त्यांनी “औषधांच्या धंद्यात थोडं लक्ष घातलंय” एवढंच सांगितलं होतं. काउंटरवर एक पगारी फार्मासिस्ट बाई बसायची आणि सर मागच्या खोलीत. ओळखीचं कुणी आलं की सर कपाटाआड उभे राहायचे. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या कपाटाआड, साडेपाच फुटांचा माणूस. एकदा तर चर्चच्या पहिल्या बाकावरच्या मिस झेल्मा बोगल गुडघ्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आल्या आणि फार्मासिस्ट बाईला गुडघ्याचा साद्यंत इतिहास सांगत बसल्या, तेव्हा सरांनी पाऊण तास श्वास बेताबेताने घेतला.

सरांची बायको आयव्हरीन हिला हे सगळं माहीत होतं. लग्नाआधी ती त्याच शाळेत धाकटी शिक्षिका होती, तेव्हापासून नवऱ्याला ‘सर’ म्हणायची ती आजतागायत. धंद्याबद्दल ती एकदाच बोलली होती. “तुम्हाला लाज वाटत असेल तर करू नका, आणि करायचं असेल तर लाजू नका. दोन्ही एकदम तुम्हाला झेपायचं नाही.” सरांना हे बोलणं अपमानास्पद वाटलं, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

पण चार महिन्यांत मिस झेल्मा धरून सात गिऱ्हाइकं आली, तेव्हा फेसीनेच विषय काढला. “सर, पाटी तरी लावा. नाहीतर काळी काच बघून लोकांना वाटतं आत पोलीस आहेत.”

पाटी. एवढंच ते काम. सरांनी आखून-रेखून चित्र काढलं, तीन प्रती केल्या आणि मंडळाकडे पाठवल्या. हिरव्या जमिनीवर पांढरी अक्षरं: ‘स्वीट रेस्ट’, खाली परवाना क्रमांक आणि वेळ. नाव सरांनी स्वतः शोधलं होतं. ज्यातून काहीही कळत नाही असं नाव शोधायला त्यांना आठवडा लागला होता. गोड विसावा, यात कुणाला काय आक्षेप असणार? मंडळाला होता, पण नावाला नव्हता. हिरवा रंग मालाकडे निर्देश करतो, असं उत्तर सहा आठवड्यांनी आलं. सरांनी निळा केला. पुन्हा सहा आठवडे. उजव्या कोपऱ्यातली आकृती धुराचा भास निर्माण करते, काढून टाकावी. सरांनी उजवा कोपरा भिंगाखाली धरला. झेरॉक्सवाल्याच्या अंगठ्याचा डाग होता. सरांनी डागाविना तीन नव्या प्रती पाठवल्या आणि सोबत डागाबद्दल दिलगिरीचं पत्रही जोडलं. आपण न केलेल्या गोष्टीबद्दल त्यांनी मागितलेली ही शेवटची माफी. पुढच्या सगळ्या केलेल्या गोष्टींच्या होत्या.

निळाही बाद होऊन शेवटी राखाडी रंग मंजूर झाला आणि सर गेले लेन्सी मस्केटकडे. लेन्सी म्हणजे आमच्या गावचा सगळा छापील आणि रंगीत कारभार. पाट्या, लग्नाच्या पत्रिका, अंत्यविधीच्या पुस्तिका, चर्चचे पंखे, जे काही माणसाच्या हाती द्यायचं किंवा भिंतीवर चढवायचं ते लेन्सीकडून जायचं. शाळेत असताना त्याला सरांनी आठ दिवस घरी बसवलं होतं, कशाबद्दल ते तुम्ही ओळखलं असेलच. लेन्सीच्या मनात त्याबद्दल काही नव्हतं. उलट सर आता आपल्यातले झाले याचा त्याला इतका आनंद झाला की पाटीच्या डाव्या अंगाला त्याने स्वखुशीने, एक पैसा न लावता, सात बोटांचं एक टपोरं पान काढून दिलं. “तुमच्यासाठी, सर,” तो म्हणाला. “अगदी जीव ओतलाय त्याच्यात.”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पान खरवडायला घेतलं तर खालचा पत्रा दिसू लागला. फेसी म्हणाला, त्यात थोडा फरक करून पपईचं पान करा, दिसायला जवळपास सारखंच असतं. लेन्सीने केलं. पण नुसतं पान पाहून मंडळ विश्वास ठेवील का, म्हणून फेसीच्याच सल्ल्याने शेजारी एक पपईही रंगवली. तीन दिवस बाया टोपल्या घेऊन आत येऊन पपई मागत होत्या. एकीने तर, पाटी लावायची आणि माल ठेवायचा नाही, याला काय म्हणायचं, असं सरांना कपाटाआडून ऐकू येईल इतक्या मोठ्याने विचारलं. चौथ्या दिवशी सरांनी स्वतः शिडीवर चढून पान आणि पपई दोन्हींवर राखाडी रंग फासला.

आता पाटी कायद्याला हवी तशी झाली. राखाडी पाटी, पांढरी गंभीर अक्षरं, काळी काच, ‘स्वीट रेस्ट’. पहिल्याच सकाळी एक बाई रडत आत आली आणि तिने शवपेट्यांचे भाव विचारले.

सर तेव्हा नेमके पुढे उभे होते, फार्मासिस्ट बाई पाणी आणायला गेली होती. खरं सांगायला त्यांची जीभ रेटेना. शोकात बुडालेल्या बाईला ‘हे गांजाचं दुकान आहे’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, तिच्या काकांची अख्खी कहाणी ऐकली, आणि मग खऱ्या अंत्यविधीवाल्याचा नंबर कागदावर लिहून दिला. बाईने जाताना सरांचे दोन्ही हात हातात घेतले. “तुमच्यासारखी माणसं या धंद्यात हवीत,” ती म्हणाली. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मनात कुठेतरी, हेही सांगितलं पाहिजे, त्यांना बरं वाटलं. गांजावाला म्हणवून घेण्यापेक्षा प्रेतवाला म्हणवून घेणं त्यांना सोसलं असतं.

त्याच रविवारी चर्चमध्ये पास्टर गेल यांनी पंख्यांचा विषय काढला. आमच्या चर्चमध्ये वीज आहे पण छतावर पंखे नाहीत. प्रत्येक बाकावर काडीला चिकटवलेले पुठ्ठ्याचे पंखे असतात, पुढे येशूचं चित्र आणि मागे देणगीदाराचं नाव. देणगीदार नेहमी अंत्यविधीवाला. सध्याचे पंखे फाटून त्यांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, आणि ज्याने ते दिले होते त्यालाच पुरून दहा वर्षं झाली होती. “कुणा भावाच्या, बहिणीच्या मनात आलं तर,” पास्टर म्हणाले आणि कपाळ पुसलं.

सरांच्या मनात आलं. घरी येऊन त्यांनी निळं पुस्तक काढलं. वर्तमानपत्र, रेडिओ, दूरदर्शन, फलक, हस्तपत्रक, गाडीवरचा भोंगा, यांना मनाई. पंखा कुठेही नव्हता. पुढे ‘किंवा अन्य कोणतेही माध्यम’ असे चार शब्द होते. ते सरांनी वाचले नाहीत असं नाही, पण गृहपाठ न केलेला पोरगा बाईंच्या नजरेपासून कसा हळूच खाली सरकतो, तसे ते त्या शब्दांवरून सरकले. फेसीचं मत तर ठामच होतं. “पंखा म्हणजे वारा, सर. वाऱ्यावर कुठलं कलम लागतं?”

आयव्हरीन मटार-भात ढवळत होती. “मंडळाला विचारा,” ती म्हणाली.

“सहा आठवडे लागतील. तोवर लोक उकडून मरतील,” सर म्हणाले. आपण हे लोकांसाठी करतोय असं त्यांना एव्हाना खरंच वाटू लागलं होतं.

लेन्सीला त्यांनी सांगितलं: मागे बारीक अक्षरात ‘स्वीट रेस्टच्या सौजन्याने’, खाली परवाना क्रमांक, कारण नियमाप्रमाणे नावासोबत क्रमांक हवाच. बाकी काही नको. लेन्सीने मान हलवली आणि वीस वर्षं जे करत आला तेच केलं. चर्चचा पंखा म्हटलं की त्याच्याकडे मागचा मजकूर तयारच असायचा, फक्त नाव बदलायचं. आणि राखाडी पाटी त्याने स्वतःच रंगवली होती. तिच्याकडे रोज जाता-येता बघून हळूहळू त्याचंही मत झालं होतं की सरांनी गांजा सोडून शेवटी सभ्य धंदा धरला. त्याने फोनवर नमुना पाठवला. सरांचा चष्मा दुकानात राहिला होता. त्यांनी येशूकडे पाहिलं, येशू व्यवस्थित होता. “छाप,” म्हणाले.

रविवारी सकाळी लवकर आयव्हरीनने तीनशे पंखे बाकांवर मांडले, चित्र वर करून. ती रविवारच्या मुलांच्या वर्गाची बाई. सव्वीस वर्षं तो वर्ग तिचा, तेव्हा चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी तीच असायची. लोक आले, पंखे हलू लागले, आणि तीनशे येशूंचा तो गार वारा सुटल्यावर सरांना आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच परवानाधारक असल्याचा अभिमान वाटला. आता देणगीदाराचे आभार. पास्टर गेल यांनी आपला पंखा उलटा केला आणि भरदार आवाजात वाचायला घेतला.

“‘स्वीट रेस्ट. तुमच्या वेदनेच्या घडीला आम्ही तुमच्या पाठीशी. दुःखातून, यातनांतून, रात्रीच्या जागरणातून कायमची सुटका.’” पास्टर क्षणभर थांबले, मान डोलावली. “‘संपूर्ण कुटुंबासाठी सेवा. लहान मुलांसाठी खास दर. परवाना क्रमांक सत्तेचाळीस.’ या सज्जनांचे आपण आभार मानू या, आणि त्यांची गरज आपल्यापैकी कुणाला इतक्यात न लागो.”

“आमेन,” तीनशे लोक म्हणाले.

सरांच्या हातातला पंखा हवेत थांबला. त्यांनी तो उलटा करून पाहिला. निळ्या पुस्तकात जेवढी म्हणून कलमं होती तेवढी सगळी त्या वीतभर पुठ्ठ्यावर मोडलेली होती, आणि शिवाय मुलांसाठी खास दर.

तरीही निभावलं असतं. पण पहिल्या बाकावर मिस झेल्मा उठल्या. “पास्टर, तो मढ्यांचा धंदा नाही. ते गांजाचं दुकान आहे. मी गुडघ्यासाठी जाते ना तिथे.” आणि सगळ्या माना आपल्याकडे वळलेल्या पाहून त्यांनी भर घातली, “डॉक्टरची चिठ्ठी आहे माझ्याकडे. दाखवू?”

वारा थांबला. लोकांनी पंखे मांडीवर उपडे ठेवले, मग मागची बाजू वर आली म्हणून पुन्हा सुलटे केले. मागच्या बाकावरच्या पोरांनी तेवढ्यात फोनवर फोटो काढले. पास्टर गेल यांचा पारा चढला. “हे देवाच्या घरात कुणी आणलं?” त्यांनी विचारलं. “ज्याने आणलं त्याने उभं राहावं.”

हा प्रश्न सरांनी वर्गात हजारदा विचारला होता. उभं न राहणाऱ्याला ते भेकड म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. आता त्यांना कळलं की प्रश्न विचारल्यावर बाक माणसाला धरून ठेवतो. उठू, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी पाय जमिनीवर नीट टेकवले, घसा खाकरला, कोटाचं बटण लावलं. तेवढ्यात शेजारून आयव्हरीन उठली.

“मी आणले,” ती म्हणाली.

सर तिच्याकडे बघत राहिले. आता तरी उठावं, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, आता उठलो तर ती खोटी पडेल. मग वाटलं, प्रार्थनेनंतर एकांतात पास्टरना सांगू. इतकी सगळी चांगली कारणं एकामागोमाग सुचत गेली आणि सर बसून राहिले. पास्टर हळू आवाजात म्हणाले की भगिनी पेंगेलींनी मुलांचा वर्ग काही काळ सोडलेला बरा, मुलांचा प्रश्न आहे. आयव्हरीन “बरं” म्हणाली आणि बसली. पंखे दोन खोक्यांत भरून बाहेर गेले.

त्या दुपारी सर ताटातला भात नुसता चिवडत बसले. “तू कशाला उठलीस?” त्यांनी एकदा विचारलं. “कुणीतरी उठायला हवं होतं,” आयव्हरीन म्हणाली आणि ताटं उचलली. पुढचा सगळा आठवडा सरांनी आरशात न पाहता दाढी केली, आणि तसं दिसतही होतं.

पोरांनी काढलेला फोटो फिरत फिरत मंडळापर्यंत पोचला. शुक्रवारी नोटीस आली. विनापरवानगी जाहिरात, गुण येण्याचा दावा, मुलांना उद्देशून प्रलोभन. चौदा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा परवाना स्थगित. खाली एक रकाना: ‘जाहिरात कोणी दिली’.

फेसी नोटीस वाचून खूश झाला. अगदी टाळीसाठी हात पुढे केला. “सर, तुमचं नशीब बघा. मिसेसने तीनशे साक्षीदारांसमोर कबूल केलंय. त्या परवानाधारक नाहीत, म्हणजे मंडळाचा त्यांच्यावर हात नाही. तुम्हाला माहीतच नव्हतं. संपलं प्रकरण. तिकडे वर्ग तर जायचा तो गेलाच आहे.”

सरांनी त्याला हाकलून दिलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही सांगायला आवडलं असतं. सरांनी खुर्ची ओढली आणि खुलासा लिहिला. सुवाच्य अक्षर, परिच्छेद पाडलेले. ‘सदर पंखे चर्चच्या एका सदस्य महिलेने परवानाधारकास न कळवता दिले.’ एका सदस्य महिलेने. हे शब्द लिहिताना त्यांचे कान तापले, पण हात थांबला नाही.

आणि मग त्यांच्याकडून सवयीने एक गोष्ट झाली. चौतीस वर्षं सरांचं प्रत्येक पत्र टपालात पडण्याआधी आयव्हरीनच्या हाताखालून जायचं. शाळेचे अहवाल, निवृत्तीचा अर्ज, पाटीचे सहा अर्ज. पत्र संपलं, सर स्वयंपाकघरात गेले आणि ते तिच्यापुढे ठेवलं. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर तिने चष्मा लावला होता.

तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एकाही ओळीवर थांबली नाही. पेन्सिलीने दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम टाकला. “वर तारीख राहिली,” ती म्हणाली आणि कागद परत दिला.

सर तो कागद घेऊन अंगणात गेले, आंब्याखाली उभे राहिले, आत आले, पुन्हा बाहेर गेले. तिने भांडण केलं असतं तर त्यांनी ते पत्र पाठवलं असतं, हे मी खात्रीने सांगतो. भांडणात सर कधी हरायचे नाहीत. पण राहिलेल्या तारखेशी भांडता येत नाही. शनिवारी सकाळी त्यांनी पत्र फाडलं, दुसरं लिहिलं, रकान्यात ‘ऑब्रे पेंगेली, परवानाधारक’ असं भरलं आणि आयव्हरीनला न दाखवताच टपालात टाकलं. ते त्यामानाने सोपं होतं, टपालपेटी काही तोंडाकडे बघत नाही. परवाना जाणार हे ठरलंच. पण खरी धाकधूक उद्याची होती.

रविवारी चर्चची भट्टी झाली होती. पंखे नाहीत, जुन्या काड्याही फेकून दिलेल्या. लोक गीतांच्या वह्यांनी, टोप्यांनी, हातांनी वारा घेत होते आणि प्रत्येक जण एकदा तरी पेंगेलींच्या बाकाकडे बघत होता. मुलांच्या वर्गाकडून दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज येत होता, आणि तिचं चुकलं की आयव्हरीनचे ओठ आपोआप हलत होते. सरांनी ते पाहिलं. रात्रभर त्यांनी चार वाक्यं घोकली होती. प्रवचनाच्या आधी पास्टर जरा थांबतात, तेव्हा उठायचं, असा बेत होता. पण डोळ्यांत घाम गेला, तोंडातल्या तोंडात घोकणं चालूच होतं, पास्टर काहीतरी म्हणून थांबले, आणि सर ताडकन उभे राहिले.

पास्टर जे म्हणाले होते ते असं होतं: “आज आपल्याकडे जे पहिल्यांदाच आले आहेत त्यांनी कृपया उभं राहावं, आपलं नाव आणि गाव सांगावं.”

मागच्या दाराशी एक पाहुणे जोडपं उभं राहिलं होतं, आणि तिसऱ्या बाकावर एकतीस वर्षं जुने सदस्य पेंगेली सर. स्वागताचं काम बघणाऱ्या बाई हातात पिवळ्या फिती घेऊन निघाल्याच होत्या. जो उभा त्याच्या छातीला फीत लावायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी सरांच्या कोटाला फीत टाचली.

“बंधू पेंगेली,” पास्टर म्हणाले, “हे नव्या लोकांसाठी आहे.”

“हो,” सर म्हणाले. चारही वाक्यं पार उडून गेली होती. “नाव ऑब्रे पेंगेली. गाव हेच. ते गांजाचं दुकान माझं आहे. पंखे मी छापून घेतले. आयव्हरीनने घेतले नाहीत. ती मला मंडळाला विचारा म्हणाली होती. मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी इथेच बसलो होतो.”

पियानोवाल्या बाईंना जरा कमी ऐकू येतं. पाहुण्याचं बोलणं थांबलं की स्वागतगीत सुरू करायचं ही त्यांची खूण. त्यांनी सुरू केलं. आणि लोकांना दुसरं काही सुचेना, म्हणून तेही गाऊ लागले. सर फीत लावून उभे, आणि सगळं चर्च त्यांना ‘या, तुमचं स्वागत असो’ म्हणतंय, असं एक अख्खं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याला आवाज गळत गेले आणि गाणं मध्येच थांबलं.

पास्टर गेल यांनी कपाळ पुसलं. “म्हणजे मागच्या रविवारी भगिनी पेंगेली या जागेवर उभं राहून खोटं बोलल्या.”

हे सरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतका घोकून घोकून बेत केला, त्यात एवढं एक राहिलंच. आपण तिला सोडवायला उठलो आणि आणखी खड्ड्यात घातलं, हे कळून त्यांना जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. ते काहीतरी बोलायला गेले, पण आयव्हरीन उठली होती.

“बोलले,” ती म्हणाली.

“का, भगिनी?”

आयव्हरीनने थोडा विचार केला. तिचा आवाज चढला नाही, मुलांची हजेरी घेतल्यासारखं ती बोलली. “तुम्ही विचारलंत तेव्हा मी यांच्याकडे बघितलं, पास्टर. पाय टेकवले, घसा खाकरला, कोटाचं बटण लावलं. चौतीस वर्षं बघतेय मी. म्हटलं, हे काही उठत नाहीत. मग किती वेळ वाट बघायची? म्हणून मी उठले.” ती थांबली. “आज उठतील असंही मला वाटलं नव्हतं.”

मंडळाची नोटीस, स्थगिती, जाणारा परवाना, सगळं एका पारड्यात टाकलं असतं तरी या शेवटच्या वाक्याच्या निम्मंही सरांना लागलं नसतं, कारण त्यात राग नव्हता, आणि ते खरं होतं. पास्टर, वर्गाचं पुढे बघू, असं काहीतरी पुटपुटले आणि पवित्र पुस्तकाची पानं उलटू लागले.

आयव्हरीन खाली बसली. सर अजून उभेच होते, छातीवर पिवळी फीत, कपाळावरून घाम ओघळतोय, हात कुठे ठेवावे ते कळत नाही. तिने त्यांच्या कोटाची बाही ओढली.

“बसा आता,” ती म्हणाली. “उठायचं तेव्हा उठला नाहीत, निदान वेळेवर बसा तरी.”

सर बसले.